दुसरी पत्रिका

"चपला इथं, घड्याळ इथं, फोन या टोपलीत," दारातच त्या माणसानं सांगितलं, आणि मला वाटलं, पोरांनी आपल्याला योगाच्या नावाखाली तुरुंगात धाडलं की काय.

त्याचं नाव निकोस. सहा फूट उंच, उन्हानं तांबूस झालेला, अनवाणी, गळ्यात रुद्राक्ष आणि डोक्यावर केसांचा अंबाडा. अंबाडा माझ्या अंबाड्यापेक्षा मोठा होता, हे मी पहिल्याच नजरेत पाहून घेतलं. दोन्ही हात जोडून तो इतका खाली वाकला, की शेजारी उभ्या असलेल्या अक्कांनी सवयीनं हात वर केला आणि म्हणाल्या, "औक्षवंत हो."

तो खूश झाला. हे बहुधा कुठलंसं प्राचीन स्वागत असावं असं त्याला वाटलं. त्यानं छातीवर हात ठेवून आणखी एकदा मान लववली.

ग्रीसमधलं क्रीट बेट. मागं उघडा बोडका डोंगर, पुढं समुद्र, आणि मधे चुन्यानं रंगवलेल्या दहा-बारा पांढऱ्या खोल्या. अंगणात लिंबाची झाडं. समुद्र एवढा निळा होता, की कुणीतरी कपड्यांची नीळ जास्त टाकली असं वाटावं. जिकडंतिकडं गोरे लोक सैल विजारी घालून हळूहळू चालत होते आणि उगाच हसत होते. आमच्या कराडात एवढं हळू फक्त कर्ज मागायला आलेला माणूस चालतो.

त्या दारात आम्ही दोघी उभ्या होतो. मी पंजाबी ड्रेसमध्ये, अक्का पाचवारी सुती साडी आणि मुलानं घेऊन दिलेल्या पांढऱ्या बुटांत. आम्हा दोघींच्या मधे दोन बॅगा होत्या आणि नऊ वर्षांचा अबोला होता.

आम्ही दोघी जावा. अक्का थोरल्या, मी धाकटी. सोमवार पेठेत एकच भिंत मधे घालून आमची शेजारी शेजारी घरं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. सत्तावीस वर्षं कानाला हेडफोन लावून मी अख्ख्या तालुक्याला एकमेकांशी बोलायला लावलं आणि भिंतीपलीकडच्या जावेशी स्वतः एक शब्द बोलत नव्हते. लोक हसायचे. हसू देत, असं मी म्हणायची.

अबोल्याचीही आपल्याकडं एक रीत असते. अबोला म्हणजे निरोप बंद नव्हेत. निरोप जातात, फक्त मधल्या माणसाकरवी जातात. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यामार्फत चालायचं. "आई, त्यांना म्हणावं नळाला पाणी आलंय." तीन हातांवर उभ्या असलेल्या अक्का ते ऐकायच्या, पण सासूबाईंनी परत सांगेपर्यंत हलायच्या नाहीत. सासूबाई गेल्यावर फुलवाली, दूधवाला, कुणीच नसलं तर मांजर. मांजराला सांगितलं तरी निरोप पोचायचा. दोघे भाऊ मात्र रोज संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसून गप्पा मारायचे आणि आमच्यात पडायचे नाहीत. शहाणे होते.

हे असंच जन्मभर निभलं असतं. पण माझ्या केतकीचं लग्न ठरलं.

लग्नाची पहिली पत्रिका देवाला. दुसरी थोरल्या घरी, घरच्या बाईनं जाऊन, कुंकू लावून, अक्षत देऊन, तोंडानं 'यायचं हं' म्हणून. त्याशिवाय तिसरी पत्रिका घराबाहेर पडत नाही. साडेतीनशे पत्रिका छापून खोक्यात पडल्या होत्या आणि माझं पाऊल भिंतीपलीकडं पडत नव्हतं. तोंडानं आमंत्रण द्यायचं म्हणजे बोलावं लागणार. ते मांजराकरवी होत नाही. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही द्या. तो म्हणाला, "बायकांचं बायकांनी बघावं." केतकी जर्मनीहून फोनवर म्हणाली, "मोठी आई मांडवात नसेल तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. रजिस्टर लग्न करीन आणि तुला फोटो पाठवीन."

मोठी आई म्हणजे अक्का. ती लहानपणापासून त्यांना तसंच म्हणते.

आणि अक्कांनी काय केलं? पत्रिका छापून आल्या त्याच आठवड्यात त्या आपल्या मुलाकडं, अनिरुद्धकडं, जर्मनीला निघून गेल्या. मुद्दाम गेल्या, आमंत्रण चुकवायला गेल्या, असं मी चारचौघींत बोललेसुद्धा. माझ्या जिभेला हाड नाही हे माझी आई मला पाचव्या वर्षापासून सांगत आली होती.

पुढच्या महिन्यात केतकीनं मलाही बोलावून घेतलं. "आई, लग्नाच्या धावपळीआधी आठ दिवस समुद्रावर योगासनं कर, शांत होशील," म्हणाली. मी जर्मनीत पोचले आणि तिथून ग्रीसच्या विमानात चढले. माझ्या शेजारच्या सीटवर, खिडकीशी, अक्का बसलेल्या होत्या. त्यांनाही अनिरुद्धनं हेच सांगून बसवलं होतं. विमानाचं दार लागलं होतं. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या, मी समोरच्या पिशवीतला कागद वाचायला लागले.

थोड्या वेळानं अक्कांनी हवाईसुंदरीला हात केला आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "बाई, ह्यांना सांग, माझा पट्टा ह्यांच्या बुडाखाली अडकलाय."

ती बिचारी पाणी घेऊन आली. मी उठून पट्टा काढून दिला. निरोप पोचला होता.

अशा आम्ही तिथं पोचलो. आणि खोलीत जाऊन बघतो तर तीन पलंग. मधल्या पलंगावर मांडी घालून एक दणकट बाई सफरचंद खात बसली होती. पुरुषी शर्ट, बारीक कापलेले पांढरे केस. उर्सुला. हॅम्बुर्गला तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाली होती. तिनं आमचे हात असे दाबले की माझी अंगठी रुतली.

मधला पलंग तिचा हे पाहून मला हायसं वाटलं. मधलं माणूस मिळालं होतं.

संध्याकाळी वारा सुटला. अक्कांनी उठून खिडकी लावली. मला बंद खोलीत जीव घाबरतो. मी उर्सुलाकडं वळून म्हटलं, "उर्सुला, त्यांना म्हणावं खिडकी असू दे. मला कोंडल्यासारखं होतं."

उर्सुलानं चावलेला घास तसाच ठेवून माझ्याकडं बघितलं.

पलीकडून अक्का तिलाच म्हणाल्या, "सांग बाई त्यांना, वारं लागलं की माझं गुडघं धरतात. ऑपरेशन झालंय म्हणावं, म्हाईत नसंल त्यांना."

"माहिती आहे म्हणावं," मी म्हटलं. "सहा महिने भिंतीपलीकडून कण्हणं ऐकलंय. रोज शेवग्याच्या पाल्याचं सूप करून कुणी पाठवलं होतं, तेही विचार."

"फुलवालीनं दिलं ते. तिचंच असंल म्हटलं."

"फुलवाली कधीपासून सूप करायला लागली?"

उर्सुलाची मान इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरत होती. शेवटी ती उठली, खिडकी बरोबर अर्धी उघडली, खाली न्हाणीघरातली चप्पल अडकवली आणि इंग्रजीत म्हणाली, "आता ठीक?"

"ठीक," आम्ही दोघी एकदम म्हणालो, आणि दोघींनी तोंडं फिरवली.

जेवायला लांब लाकडी मेज होतं. चाळीसेक माणसं. ताटात उकडलेलं वांगं, पांढरं चीज, काकडी, आणि कसलेसे दाणे ज्यांना चव म्हणून नव्हती. सगळे डोळे मिटून एकेक घास चावत होते. अक्कांनी एक घास खाल्ला, मग उर्सुलाला म्हणाल्या, "विचार गं, चटणी आणलीय का म्हणावं." मी पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढून उर्सुलापुढं ठेवली. अक्कांनी तिच्यापुढून उचलली. उर्सुलानंही चिमूटभर घेतली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं आणखी घेतली.

तेवढ्यात निकोस उभा राहिला. घंटी वाजवून म्हणाला, उद्या सूर्योदयापासून दुपारपर्यंत सर्वांनी मौन पाळायचं. कुणी कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. पहिल्यांदा फार कठीण जातं, माणसं रडतात, घाबरतात. पण धीर धरा. मग त्यानं आमच्याकडं हात करून म्हटलं, "या दोन भगिनी तर योगाच्या भूमीतून आल्या आहेत. यांना मौन नवं नाही."

मी मान खाली घातली. खोटं नव्हतं. नऊ वर्षांचा सराव होता, आम्हाला तिथं शिकवायलाच ठेवायला हवं होतं. हळूच बघितलं तर अक्का पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. खोकल्या, असं त्यांनी दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे घंटा झाली आणि सगळे गप्प झाले. अक्का पलंगाच्या कडेला बसून गुडघ्याचा पट्टा बांधायला बघत होत्या. तो मागून चिकटवावा लागतो, त्यांचा हात पोचेना. उर्सुला न्हाणीघरात होती. एरवी मी उर्सुला येईपर्यंत थांबले असते आणि म्हटलं असतं, 'त्यांना विचार, लावून देऊ का.' पण विचारायचंच नव्हतं. बोलायला बंदी होती. मी खाली बसले आणि पट्टा लावून दिला. अक्कांनी पाय हलवून बघितला, बोटानं 'जरा सैल' अशी खूण केली. मी सैल केला. त्यांनी मान डोलावली.

खूण सरळ मला केली होती. मधे कुणी नव्हतं. हे मला पायऱ्या उतरताना उमगलं.

समुद्रावर लाकडी फळ्यांचा चौथरा होता, तिथं योग. सूर्य नुकता वर येत होता. निकोसनं हातांनी खुणा करून सगळ्यांच्या जोड्या लावल्या आणि आम्हा दोघींना एकत्र बसवलं, भारताची जोडी म्हणून असेल. पाठीला पाठ लावून बसायचं, डोळे मिटायचे, दुसऱ्याचा श्वास आपल्या पाठीतून ऐकायचा. मांडी मला घालता येत नव्हती, अक्कांना तर नाहीच. आम्ही योगभूमीच्या कन्या पाय सरळ पसरून बसलो आणि आजूबाजूचे सगळे गोरे पद्मासनात होते.

अक्कांची पाठ माझ्या पाठीला लागली. ऊबदार होती. केसांना तेच माक्याचं तेल. केतकी लहान असताना तिच्या वेण्यांना यायचा तो वास. मी पहाटेच्या ड्यूटीवरून घरी यायची तेव्हा ती न्हाऊन, वेण्या घालून, डबा घेऊन शाळेला गेलेली असायची, आणि घरात फक्त तो वास असायचा.

आणि मग निकोसनं ओम म्हटला.

आमच्या इथं देवळात गुरव ओम म्हणतो तो दोन सेकंदांचा. हा पोटातून निघाला आणि संपेचना. आधी घोगरा, मग वर, मग आणखी वर, आणि शेवटी थरथरत खाली. साखर कारखान्याचा भोंगाही एवढा वेळ वाजत नाही. डोंगरावर कुठंतरी बकऱ्या होत्या, त्यांनी उत्तर दिलं.

माझ्या पाठीला हादरे बसायला लागले. आधी वाटलं, अक्कांना चक्कर येतेय. मग कळलं, त्या हसताहेत. आवाज न करता, अख्ख्या अंगानं. मी ओठ दाबून धरले. दुसरा ओम सुरू झाला. बकऱ्या पुन्हा ओरडल्या. मग मला राहवलं नाही. आम्ही दोघी पाठीला पाठ लावून, पाय पसरून, डोळे मिटून अशा हलत होतो, की आमच्या शेजारच्या फ्रेंच माणसाला आम्हाला समाधी लागतेय असं वाटलं. त्यानं नंतर मला तसं सांगितलं. म्हणाला, ऊर्जा जाणवत होती.

हसता हसता मला रडू आलं. का, ते आता सांगते. इतका वेळ टाळलं.

बारावीला केतकी तालुक्यात पहिली आली होती. नगरपालिकेच्या हॉलमध्ये सत्कार होता. मी ड्यूटीवरून धावत पोचले तेव्हा सत्कार चालू होता. 'विद्यार्थिनीच्या आईनं व्यासपीठावर यावं' असं म्हणाले असणार, कारण वर केतकीच्या शेजारी अक्का होत्या, खांद्यावर शाल, ओटीत श्रीफळ. केतकीनंच हात धरून वर नेलं होतं. लोक टाळ्या वाजवत होते. मी मागच्या दारात उभी होते, अंगावर घामेजलेली साडी, आणि मला कुणी ओळखलंही नाही. घरी आल्यावर दारात मी अक्कांना म्हटलं, "पोर माझी आहे, अक्का. सांभाळली म्हणून तुमची होत नाही."

अक्कांनी शाल आणि श्रीफळ माझ्या उंबऱ्यावर ठेवलं आणि आपल्या घरात गेल्या. त्या दिवसापासून नाही बोलल्या. मी मात्र गावभर सांगत राहिले, की श्रीफळावरून रुसल्या. माझं वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

योग संपला. न्याहारीला दही होतं, वर मध. अक्कांनी माझ्या वाटीतला मध चमच्यानं काढून आपल्या वाटीत घेतला, कारण मला साखर झाल्याचं त्यांना माहीत होतं. कुणी सांगितलं होतं? फुलवालीनं असेल, मांजरानं असेल. मी त्यांच्या वाटीत माझे अक्रोड टाकले. बिनबोलता सगळं चाललं होतं, आणि बरं चाललं होतं. एक गोष्ट तेव्हा मला पटली. सगळेच गप्प असले की त्यात अबोला कुठला, कुणाचा, हे ओळखूच येत नाही. आम्हीही इतरांसारख्याच मौनात होतो.

नंतर सगळे किनाऱ्यावर फिरायला गेले. वाळू कमी, गोटे जास्त. पाण्यात पाय टाकला तर गोटे शेवाळलेले. अक्का घसरल्या. मी हात पुढं केला, त्यांनी धरला. पुढं वाट नीट झाली तरी त्यांनी सोडला नाही, मीही सोडवून घेतला नाही. उर्सुला आमच्या मागून बूट हातात घेऊन येत होती. आम्ही एका चपट्या खडकावर बसलो. पायाशी पाणी येत जात होतं. मला वाटलं, ही दुपार झालीच नाही तर किती बरं.

पण झाली. वरच्या चौथऱ्यावर घंटा वाजली.

एका क्षणात चाळीस माणसं बोलायला लागली. कुणी किंचाळलं, कुणी गळ्यात पडलं, तो फ्रेंच माणूस धावत येऊन भेटेल त्याला काहीतरी सांगत सुटला. बाजार भरल्यासारखा गलका झाला. आम्ही दोघी तशाच. माझा हात अक्कांच्या हातात होता. त्यांनी तो हळूच सोडला आणि आपल्या मांडीवर ठेवला. आता गप्प बसणं म्हणजे पुन्हा अबोला होता, आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

सवयीनं मी मागं वळले. "उर्सुला," मी म्हटलं, "त्यांना सांग की..."

"नाही," उर्सुला म्हणाली.

तिला मराठीतला 'म' कळत नव्हता. पण तीस वर्षं बस चालवली होती, माणसं आरशात बघून ओळखायची सवय होती. ती वाकून, एकेक शब्द सुटा करून, माझ्या मोडक्या इंग्रजीला कळेल अशा इंग्रजीत म्हणाली, "काल रात्रीपासून तुम्ही दोघी माझ्याशी बोलताय. मी छान बाई आहे, मला आवडतं. पण तुम्हाला माझ्याशी बोलायचं नाहीये. ती ऐकतेय. तिला सांग." आणि शर्ट काढून, पोहायच्या कपड्यांत ती दणादणा पाण्यात शिरली.

आता मधे कुणीच उरलं नव्हतं. बकऱ्या होत्या, पण लांब होत्या.

"अक्का," मी म्हटलं. नऊ वर्षांनी तो शब्द त्यांच्या तोंडावर उच्चारला आणि माझा आवाज मलाच परका वाटला. पुढचं एका दमात म्हटलं. "केतकीचं लग्न ठरलंय. मार्गशीर्षात. तुम्ही यायचं. सगळ्यांनी यायचं."

अक्का समुद्राकडं बघत होत्या. "कोण केतकी?"

"असं काय करता?"

"विचारतेय ते सांग. कोण केतकी? कुणाची?"

मला कळलं, काय विचारताहेत. नऊ वर्षं त्यांनी हे विचारायला जपून ठेवलं होतं. मी तिथंच, ओल्या गोट्यांवर, त्यांच्या पायाशी बसले.

"तुमची," मी म्हटलं. "तुमची आणि माझी. मी त्या दिवशी बोलले ते चुकलं, अक्का. बोलले त्याच क्षणी कळलं होतं चुकलं ते. मला वाईट कशाचं वाटलं, सांगू? तिनं तुम्हाला वर नेलं, याचं नाही. तिनं बरोबर केलं, याचं वाटलं. मी असते तर मीही तुम्हालाच वर नेलं असतं."

अक्कांनी पदरानं नाक पुसलं, मग डोळे, मग पुन्हा नाक. माफी मागून झाली होती, आमंत्रण देऊन झालं होतं, माझ्याकडं आणखी काही नव्हतं.

"येणार ना?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"असल्या आमंत्रणाला मी येत नसते," अक्का म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम चढला. "तू त्या दिवशी बोललीस त्याचं मला एवढं लागलं नाही मंदा. तुझी जीभ मला काय आजची माहीत आहे? पण श्रावणात ह्यांनी कट्ट्यावरून येऊन सांगितलं, की दुसरी पत्रिका आपल्या दारी येणार, कुंकू, अक्षत घेऊन. म्हटलं, झालं! आता आपण पाव्हणे झालो. त्या पोरीला मी न्हाऊ घातलं, तिच्या गोवरात मी अकरा दिवस मीठ खाल्लं नाही, आणि तू माझ्या दारात उभी राहून मला 'यायचं हं' म्हणणार? ते ऐकायला नको म्हणून मी अनिरुद्धला म्हटलं, मला तुझ्याकडं ने. परमुलखात पळून आले तर तू इथंही माझ्या मागं आमंत्रण घेऊन आलीस."

"पण रीत आहे अक्का, दुसरी पत्रिका थोरल्या घरी..."

"परक्याला आमंत्रण असतं गं. आपल्या पोरीच्या लग्नाचं आमंत्रण आईला देतात होय कुणी?"

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्या 'अगं ऑपरेशनचा आहे, ऑपरेशनचा आहे' म्हणाल्या, म्हणून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच केस चाचपायला लागल्या. "तेल लावत नाहीस वाटतं. किती गळालेत बघ." मी रडत होते आणि मान हलवत होते.

"पत्रिका किती आहेत?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"साडेतीनशे."

"आणि तू एकटी वाटणार होतीस? ओगलेवाडीच्या चुलत मामंजींकडं तू गेलीस तर एक वाजेल, दोन वाजतील, चहा घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. तिथं मी जाते. उंब्रजला दोघी जाऊ. आणि तुझ्या त्या माहेरच्या लोकांना मानपान फार, त्यांना आधी उरकू, नाहीतर लग्नात तोंडं फुगवून बसतील."

"माझ्या माहेरच्यांना काही बोलायचं काम नाही," मी डोळे पुसत म्हटलं.

"बोलणार. नऊ वर्षांचं साठलंय माझ्याकडं."

आणि त्या बोलायला लागल्या. माझ्या माहेरच्यांपासून सुरू करून, मांडव कुठं घालायचा, आचारी कोण, माझ्या नवऱ्याला कट्ट्यावर सगळं बोलायची काय खोड आहे, इथपर्यंत. मी मधे मधे भांडत होते. आमचे आवाज इतके चढले, की निकोस चौथऱ्यावरून खाली डोकावून बघायला लागला.

उर्सुला पाण्यातून निथळत बाहेर आली. आमच्याकडं बघून थबकली. आम्ही भांडतोय की काय असं वाटून तिचा चेहरा उतरला. टॉवेल गुंडाळत ती माझ्याजवळ वाकली आणि काळजीनं विचारलं, "ती काय म्हणतेय? मी काही सांगू का तिला?"

"नको गं," मी म्हटलं. "आमचं घरातलं बोलणं चाललंय."